बांधा, पण इथे नको!

दिवाळी अंक उघडला की त्यात एक गोष्ट हमखास सापडते. तिच्यात एक म्हातारा मुसलमान असतो. बहुधा तो पिंजारी असतो, नाहीतर घड्याळे दुरुस्त करणारा असतो. पूर्वी टांगेवाला असे, टांगे गेले तसा तो रिक्षावाला झाला. शेजारच्या घरातल्या मुलीला तो लेकीप्रमाणे मानतो. भाऊबीजेच्या दिवशी तिच्या भावाची गाडी चुकते, आणि मग हा म्हातारा, किंवा त्याचा मुलगा, थरथरत्या हाताने तिच्या ताटात चांदीचा रुपया टाकतो. वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात, अंक मिटला जातो आणि चकलीचा पुढचा तुकडा तोंडात जातो.

ही गोष्ट खोटी असते असे मी म्हणत नाही. असे म्हातारे असतात. कळंबसारख्या लहान गावात मास्तरकी करीत मी आयुष्य काढते आहे. दिवाळीच्या तोंडावर गाद्या पिंजून देणारा, चिंतामणीच्या जत्रेत लेकीसुनांच्या हातांत बांगड्या भरणारी मन्यारीण, ही माणसे माझ्या रोजच्या पाहण्यातली आहेत. माझे भांडण त्या म्हाताऱ्याशी नाही. गोष्टीत त्याला जी एकच कामगिरी नेमून दिलेली असते, तिच्याशी आहे. तो नेहमी देतो. मागत कधीच नाही.

समजा, हाच म्हातारा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आणखी चार माणसे बरोबर घेऊन नगरपंचायतीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, आमच्या मोहल्ल्यात लग्नकार्याला जागा नाही, पोरांना अभ्यासाला खोली नाही. दहा गुंठे जागा द्या, एक सभागृह बांधू म्हणतो.” तर? मग ती गोष्ट दिवाळी अंकात यायची नाही. ती वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानावर येईल, आणि तिच्यावर मथळा असेल, ‘नागरिकांत संताप’.

मला आज त्या अर्जाविषयी लिहायचे आहे. फराळाचे ताट शेजारी जाते, ईदेला शीरखुर्म्याचा वाडगा इकडे येतो, आणि ह्या देवघेवीला आपण सहिष्णुता म्हणतो. चाल चांगली आहे, ती कुणी मोडू नये. पण ताट धुऊन परत येते. दिलेली जागा परत येत नाही. म्हणून शेजारधर्माची खरी परीक्षा फराळाच्या ताटावर होत नाही, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर होते. आणि तिथे आपण, म्हणजे आपण हिंदू, अलीकडे सारखे नापास होत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या विदर्भ-मराठवाड्यात अशा सभागृहाला ‘शादीखाना’ म्हणतात. नाव भारदस्त, वस्तू साधी. पत्र्याचे छप्पर, सिमेंटचा ओटा, मागे देगा चढवायला मोकळी जागा, एक बोअर, दोन संडास. फार झाले तर वर एक खोली आणि तीत वाचनालयाची दोन कपाटे. आमदारनिधीतून कुठे समाजमंदिर होते, कुठे भक्तनिवास होतो, कुठे एखाद्या ज्ञातीचे मंगल कार्यालय होते, त्याच पंगतीतली ही वस्तू. ज्याच्या घरात दोनच खोल्या आहेत त्याने मुलीचा निकाह कुठे लावायचा? तो रस्त्यावर मांडव घालतो. रस्ता अडतो. आपण म्हणतो, ‘पाहा, ह्यांना रस्ता म्हणजे बापाची इस्टेट वाटते.’ शुक्रवारी मशिदीत माणसे मावत नाहीत, शेवटची ओळ बाहेर बसते. आपण म्हणतो, रस्ता काय नमाजासाठी केला आहे? अगदी बरोबर. रस्ता नमाजासाठी नाही, वरातीसाठी नाही आणि गणपतीच्या मांडवासाठीही नाही. पण मग तो मनुष्य म्हणतो, ‘बरे, रस्ता सोडतो, मला छप्पर बांधू द्या.’ तेव्हा आपण म्हणतो, छप्परही नको! हरियाणातल्या गुडगावात २०२१ साली हेच झाले. शुक्रवारच्या नमाजासाठी प्रशासनाने ठरवून दिलेल्या मोकळ्या जागांपैकी काहींची परवानगी विरोधामुळे काढून घेण्यात आली. माझ्या वर्गातली सातवीची मुलगीसुद्धा विचारील, की बाई, मग त्यांनी उभे राहायचे कुठे?

आपल्या पुण्याचे उदाहरण घ्या. कोंढव्यात महापालिका बांधीत असलेल्या एका इमारतीवरून २०२१ च्या आरंभी असाच वाद माजला. लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘हज हाऊस’ असे होते. काही हिंदुत्ववादी संघटना विरोधाला उभ्या राहिल्या, भाषणे झाली, एका भाषणावरून पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. ज्या पुण्यात पोटजातींनासुद्धा स्वतःचे मंगल कार्यालय आणि स्वतःचे विद्यार्थिगृह लागते, त्या पुण्यात ही गोष्ट व्हावी ह्याचे मला मोठे नवल वाटते. त्याच वर्षीच्या ऑगस्टात दिल्लीच्या द्वारका भागात हज हाऊस होऊ नये म्हणून रहिवाशांच्या महासंघाने नायब राज्यपालांना पत्र पाठवले. तिथली जागा २००८ सालीच नेमून दिलेली. पण पत्रात भीती घातली होती, की हज हाऊस झाले तर दंगे होतील, हिंदूंना घरेदारे सोडून जावे लागेल. हज हाऊस म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्या भीतीचे हसू येईल. ती यात्रेकरूंची धर्मशाळा. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, कागदपत्रे पुन्हा पुन्हा चाचपणारी म्हातारी माणसे तिथे विमानाची वाट पाहत बसतात. मुंबईच्या हज हाऊसमध्ये २००९ पासून पुढे कित्येक वर्षे प्रशासकीय सेवेच्या परीक्षांचे निवासी वर्ग चालले. म्हणजे मुसलमान मुलांनी कलेक्टर व्हावे म्हणून तिथे रात्री दिवे जळत होते. ह्या दिव्यांनी आपली झोप का मोडावी?

परंतु उघड शिवीगाळ करणाऱ्यांशी मला आज वाद घालायचा नाही. त्यांचा धंदा ठरलेला आहे. माझा रोख आहे तो सभ्य माणसांवर. माझ्या आणि तुमच्या घरातल्या माणसांवर. ती शिवी देत नाहीत. ती फक्त म्हणतात, “बांधू द्या ना बाई त्यायले, आपन काय नाई म्हन्तो काय? पन इथं कायले?” हे ‘इथं कायले’ फार सोज्ज्वळ दिसते. त्यात द्वेष नाही, हक्काचा नकार नाही, उलट समजूतदारपणा आहे. माझ्या मते सगळे विष ह्या समजूतदारपणात आहे. कारण ‘इथे नको’ म्हणणाऱ्याला ‘मग कुठे?’ असे कुणीच विचारत नाही, आणि विचारले तर जी जागा तो दाखवील तिथे दुसरा सभ्य माणूस आधीच उभा असतो, तेच वाक्य तोंडात घेऊन.

ह्या ‘इथे नको’चा एक खटला साऱ्या जगाने पाहिला. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पाडले गेले. पुढे २०१० साली त्या जागेपासून दोन चौक पलीकडे, पार्क प्लेस नावाच्या रस्त्यावर, बंद पडलेल्या एका कपड्याच्या दुकानाच्या जागी तेरा मजली इस्लामी सांस्कृतिक केंद्र बांधण्याचा बेत जाहीर झाला. त्यात प्रेक्षागृह होते, पोहण्याचा तलाव होता, स्वयंपाकाचे वर्ग होते, आणि नमाजाची जागाही होती. त्या भागातल्या नागरी मंडळाने मे महिन्यात २९ विरुद्ध १ अशा मतांनी पाठिंबा दिला. पण देशभर वणवा पेटला. तिथलेही सभ्य लोक हेच म्हणाले, की त्यांना हक्क आहे हो, पण इतक्या जवळ कशाला? मृतांच्या नातलगांच्या भावनांचे काय? त्या मनोऱ्यांत मुसलमानही जळाले होते. त्यांच्या नातलगांच्या भावना कोणत्या खात्यावर मांडायच्या हे कुणी सांगितले नाही.

३ ऑगस्ट रोजी जुनी इमारत वारसा म्हणून राखण्याचे कारण नाही असा निर्णय संबंधित आयोगाने एकमताने दिला, आणि त्याच दिवशी शहराचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग ह्यांनी एक भाषण केले. हा मनुष्य ज्यू. त्याने आपल्या शहराला आठवण दिली, की ह्याच गावात सतराव्या शतकात ज्यूंना प्रार्थनामंदिर बांधू दिले नव्हते. कॅथलिक लोकांनाही अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चर्चसाठी थांबावे लागले. जळत्या मनोऱ्यांत शिरणाऱ्या बंबवाल्यांनी आतल्या माणसांना ‘तुमचा देव कोणता’ असे विचारले नव्हते, हेही तो बोलला. निवडणुकीच्या राजकारणात मुरलेला मनुष्य असे उघड बोलतो तेव्हा त्याला किंमत मोजावी लागते. आपल्याकडे किती नगराध्यक्ष असे बोलतील, ही बेरीज वाचकांनीच करावी.

शेवटी ते केंद्र झाले नाही. बेत बारगळला. आणि ज्या जागेच्या पावित्र्यासाठी एवढा आकांत झाला, तिच्यावर पुढे काय चढले? धनिकांच्या सदनिकांचा चाळीस मजल्यांहून उंच मनोरा. त्यामुळे कुणाच्या भावना दुखावल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेचे अमेरिकेपाशी. ठीक. मग इंग्लंडात चला. तिथे आपलाच माणूस अर्जदार आहे. १९७३ साली जॉर्ज हॅरिसन ह्या प्रसिद्ध गायकाने लंडनजवळच्या लेचमोर हीथ नावाच्या खेड्यात कृष्णभक्तांना एक जुना वाडा दिला. मंदिर झाले. जन्माष्टमीला हजारो माणसे लोटू लागली. गावाने तक्रार केली. मोटारींची रीघ लागते, गलका होतो, खेड्याचे शांत रूप बिघडते, पूजा करा पण इथे नको! तिथल्या स्थानिक परिषदेने सार्वजनिक पूजेला बंदी केली. वर्षानुवर्षे खटले चालले. १९९४ साली लंडनच्या रस्त्यांवर हजारो हिंदू उतरले. अखेर १९९६ साली सरकारने पूजेला परवानगी दिली, आणि गावातून गर्दी जाऊ नये म्हणून मंदिराला वेगळा रस्ता करण्यात आला. ह्यातली मौज पाहा. तक्रार जेवढी खरी होती तेवढी एका रस्त्याने मिटली. मोटारींच्या गर्दीला उपाय असतो. ‘तुम्ही आमच्यातले नाही’ ह्याला रस्ता काढून उपयोग नसतो.

आणि टेक्सासातल्या शुगरलँडचा हनुमान? २०२४ च्या ऑगस्टात तिथल्या मंदिरात नव्वद फुटी मूर्ती उभी राहिली, तेव्हा काही ख्रिस्ती मंडळी निषेध करायला मंदिरात गेली. पुढच्या वर्षी तिथल्या एका राजकारण्याने ती खोट्या देवाची खोटी मूर्ती असल्याचे जाहीरपणे म्हटले. आमच्या गावातही ती बातमी मोबाईलवरून फिरली. ज्यांची मुले तिकडे आहेत ते तर संतापलेच, मीही संतापले. हनुमंताला जागा नाकारणारा हा कोण टिकोजी, असे मला वाटले. परंतु तो संताप जिरण्याच्या आतच त्याच मोबाईलवर, त्याच माणसांकडून, आपल्याकडच्या कुठल्याशा मशिदीच्या बांधकामाविरुद्ध सह्या करा म्हणून मजकूर आला. अमेरिकेत आपण थोडे आहोत म्हणून आपल्याला हक्क हवा, आणि इथे आपण पुष्कळ आहोत म्हणून दुसऱ्याने आपल्या मर्जीवर राहायचे, हा न्याय मला तरी मुलांना शिकवता यायचा नाही.

महाराष्ट्राला हे शिकायला लंडन-न्यूयॉर्कला जाण्याचे काहीच कारण नव्हते. आपल्याकडे कोल्हापूर होते.

शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे सुरू करून दिली. पुढे एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहत गेली. मुसलमान मुले शिक्षणात मागे आहेत हे त्यांच्या ध्यानात आले. त्या समाजातून कुणी पुढे येईना, तेव्हा काही मुलांना त्यांनी मराठ्यांच्याच बोर्डिंगात ठेवून घेतले. मग १९०६ साली मुसलमान मंडळींची सभा स्वतः भरवली, मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. जागा दिली, पैसा दिला. हे अध्यक्षपदाचे प्रकरण मला फार महत्त्वाचे वाटते. दुरून देणगी फेकणारे संस्थानिक पुष्कळ होते. हा राजा त्यांच्या खुर्चीत जाऊन बसला. म्हणजे उद्या त्या संस्थेवर कुणी दगड उचललाच तर तो पहिला महाराजांना लागेल, अशी त्याने व्यवस्था करून ठेवली. आणि मुस्लिम बोर्डिंग आहे कुठे? गावकुसाबाहेर नाही, नदीपलीकडे नाही. दसरा चौकात आहे! जिथे विजयादशमीला छत्रपतींच्या घराण्याच्या उपस्थितीत सोने लुटले जाते, त्या चौकात. ‘इथे नको’ला इतके चोख उत्तर महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी दिल्याचे मला ठाऊक नाही.

त्याच कोल्हापुरात ७ जून २०२३ रोजी, मोबाईलवरच्या काही मजकुरावरून, काय झाले ते आपण वाचले आहे. दगडफेक झाली, अश्रुधूर सोडावा लागला, इंटरनेट बंद करावे लागले. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणाचे निमित्त झाले आणि जमावाने वाटेवरच्या गजापुरात मुसलमानांची घरे आणि मशीद फोडली. गडावरचे अतिक्रमण काढायचे असेल तर त्याला कायदा आहे, नोटीस आहे, न्यायालय आहे. गजापूरच्या बायकांच्या चुली आणि भांडी फोडून गड कसा मोकळा होतो, हे मला कुणी समजावून सांगावे. ह्याच जिल्ह्यातल्या इचलकरंजीत २०२० च्या मे महिन्यात, करोनाच्या दिवसांत, मुसलमानांनी रमजानची जकात जमवून ३६ लाख रुपये सरकारी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला दिले होते. ती बातमी मात्र सर्वांनी डोक्यावर घेतली. साहजिक आहे, ती देण्याची बातमी होती.

कोल्हापूर आम्हा वऱ्हाडकरांना दूर पडते म्हणून जवळचे सांगते. नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ताजुद्दीन नावाचा एक मुसलमान अवलिया कोंडलेला होता. राजे रघुजी भोसल्यांनी १९०८ साली जामीन राहून त्याला सोडवले आणि सक्करदऱ्याच्या आपल्या राजवाड्यात आणून ठेवले. राजवाड्यात! लोक दर्शनाला लोटले, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. १९२५ साली ताजुद्दीनबाबा वारले. त्यांच्या ताजबागेतल्या उरुसाला यवतमाळकडून भरून जाणाऱ्या गाड्यांत निम्मी माणसे आपलीच असतात. भोसल्यांना कुणी विचारले असेल का, की महाराज, फकिराला ठेवा, पण वाड्यात कशाला?

मढीच्या कानिफनाथाला मुसलमान शाह रमजान म्हणून भजतात. त्या मढीच्या ग्रामसभेने फेब्रुवारी २०२५ मध्ये यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत असा ठराव केला, आणि प्रशासनाला चौकशी लावावी लागली. दहा गुंठे राहू द्या, आता जत्रेतली पालाएवढी जागाही जड झाली.

ह्यावर जी उत्तरे मला ऐकवली जातात त्यांतले एक खरोखर विचार करण्यासारखे आहे. ते असे, की सरकारी पैशातून कुठल्याही धर्माची वास्तू का व्हावी? हा प्रश्न मला आवडतो. जो हा प्रश्न सर्वांना विचारील त्याच्या मागे मी उभी राहीन. पण तीर्थक्षेत्र विकासाच्या नावाने घाट बांधले जातात, भक्तनिवास उभे राहतात, नाशिकच्या कुंभमेळ्यासाठी रस्ते होतात, पंढरीच्या वाटेवर पाण्याचे टँकर उभे राहतात, तेव्हा हा प्रश्न कुठे गेलेला असतो? मी स्वतः चिंतामणीच्या पायऱ्या उतरून त्या कुंडाचे पाणी डोळ्यांना लावणारी बाई आहे. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवे लागले तर मला आनंदच होतो. फक्त आपल्या वाटेवर दिवे लागले की तो विकास आणि त्यांच्या वाटेवर लागले की ते लांगूलचालन, असा शब्दकोश मी वापरीत नाही. हजचे अनुदान तर २०१८ सालीच बंद झाले, तरी त्याची ओरड चालूच आहे.

‘त्यांच्या देशात आपल्याला देऊळ बांधू देतात का?’ हे दुसरे. अबूधाबीच्या राजाने २७ एकर जागा दिली आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथे दगडी मंदिराचे उद्‌घाटन झाले. आपण टाळ्या वाजवल्या. पण खरे सांगायचे तर मला हे उदाहरण द्यायलाच संकोच वाटतो. कळंबच्या पिंजाऱ्याचा देश अबूधाबी कधी झाला? त्याचा आजा इथल्या मातीत पुरलेला आहे. त्याचे रेशनकार्ड इथले, त्याची वऱ्हाडी माझ्यापेक्षा अस्सल. सौदी अरबस्तानात चर्च नाही म्हणून कळंबला शादीखाना नको, हा हिशोब कुठल्या वहीतला?

तिसरे उत्तर मी जरा थांबून ऐकते, कारण ते कुजबुजत दिले जाते. ‘आत काय चालते कुणास ठाऊक.’ ठाऊक करून घ्या की! संस्था नोंदलेली असते, तिचे हिशेब तपासता येतात, पोलिसांना डोळे आहेत. बंद गल्लीतल्या अंधाऱ्या खोलीपेक्षा मोठ्या रस्त्यावरच्या सभागृहात आत डोकावणे सोपे. जो समाज एकलकोंडा आहे, मुख्य प्रवाहात येत नाही अशी आपली तक्रार, त्याने प्रवाहाच्या काठी चार भिंती उभ्या करायच्या म्हटल्या की आपणच त्याला परत गल्लीत ढकलतो.

माझीही एक अट आहे, आणि ती मी त्या अर्जदारांच्या तोंडावर सांगेन. सभागृह झाले तर त्याच्या दारातून बाईही ताठ मानेने आत गेली पाहिजे, आणि नुसती देगेजवळ नव्हे, व्यवस्थापक मंडळातही. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला होता, तलाकचा अन्याय मांडण्यासाठी. १९७० साली त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. त्यांना दगड आणि शिव्या त्यांच्याच लोकांकडून मिळाल्या, हे झाकण्याचे कारण नाही. मुल्लामौलवींच्या हट्टावर बोट ठेवण्याचा मला हक्क आहे आणि मी तो बजावते. पण आपले काही लोक दलवाईंचे नाव घेतात ते केवळ जागा नाकारताना. ‘आधी सुधारा, मग बांधा.’ अहो, सुधारणेलाही बसायला सतरंजी लागते! मुलींच्या शिवणाचा वर्ग, तलाकपीडितेला सल्ला देणारी वकीलबाई, रात्रीची अभ्यासिका, ह्यांतले काय उघड्या रस्त्यावर चालते? आपल्यात विधवांचे केशवपन होत होते तेव्हा आपल्याला कुणी देऊळ बांधायचे थांबवले नव्हते.

माझ्या ह्या बोलण्यावर घरी-दारी वाद होतात. दिवाळीच्या पाटावर बसून असले विषय काढू नयेत असे माझ्या आत्याबाईंचे मत आहे. पण दिवाळीतच सगळी माणसे एका पंगतीला सापडतात. मग बोलायचे कधी?

म्हणून मी हल्ली वाद घालीत नाही, एक कागद पुढे करते. ‘उद्या आपल्या गावात असा अर्ज आलाच, तर तुमच्या मते जागा कुठे द्यावी, तो गट क्रमांक ह्यावर लिहा.’ बस. आतापर्यंत तिघांना विचारले. पहिले आमचे किराणा दुकानदार. ते म्हणाले, “गावाबाह्यर द्या ना बाई, यवतमाळ रोडले.” मी म्हटले, भाऊ, तिथे नवे लेआउट पडले आहे, ते लोक हो म्हणतील? “मंग त्याच्या पुढं.” त्याच्या पुढे कपाशीची शेते आहेत, आणि दुकानदारांचे स्वतःचे शेत त्यांतच आहे. कागद कोराच परत आला. दुसरे एक निवृत्त अधिकारी. ‘त्यांच्याच मोहल्ल्यात,’ असे त्यांनी बाणेदारपणे सांगितले. मोहल्ल्यात जागा असती तर अर्ज कशाला आला असता, असे विचारल्यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तिसरे वकील आहेत. विचारी मनुष्य, सर्व धर्म सारखे असे मनापासून मानणारा. त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “पाहून सांगतो, बाई.” ते पोळ्याच्या सुमारास. आता दिवाळी आली. गट क्रमांक अजून आलेला नाही.